परवाचं पाणी

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थहून निघून डोंगररांग ओलांडली की हिरवा रंग संपतो. पलीकडच्या कोरड्या पट्ट्यात पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, तोही घाईतला. सगळी भिस्त बोअरवर. पुढच्या पिढीपर्यंत ते पाणी पिण्याजोगं राहील का, याचा आराखडा करणं हे माझं काम. थोडक्यात, जे अजून बिघडलेलं नाही त्याबद्दल लोकांना आत्ताच घाबरवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा.

२०१६च्या उन्हाळ्यात तिथल्या एका गावच्या हॉलमध्ये बैठक होती. पुण्याहून आलेली आई घरात एकटी कंटाळायची, म्हणून तिलाही नेलं. ती थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली.

गाठ होती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी. त्याची बोअर पट्ट्याच्या मधोमध. त्याने ती दरवर्षी तपासू दिली, तर बाकीचेही तयार होणार. तो नाही म्हणाला, तर आराखडा गुंडाळायचा. आणि हा खुर्चीत रेलून म्हणाला, "माझं पाणी? स्वीट ॲज, एकदम झकास! बिघडलं की या."

खतातलं नायट्रेट तान्ह्या बाळांना सगळ्यात घातक, आणि ते जमिनीत झिरपत खाली पोचायला वर्षानुवर्षं लागतात, हे मी तक्त्यांवर तक्ते दाखवून सांगत होते. लोक चहाच्या टेबलावरच्या गोड पावांकडे, स्कोन्सकडे बघत होते. मला अस्सा राग आला! तेवढ्यात आई, तिच्या मते हळू आवाजात, मराठीत म्हणाली, "अगं, वर्षं नकोत, थोडक्यात दिवसांत सांग ना. खत टाकलं कधी?"

"परवा."

"आणि पाणी बिघडणार कधी?"

"परवा!" मी खेकसले.

म्हातारा सरसावून बसला. "तुझी आई दोनदा काहीतरी विचारते आणि तू एकच शब्द फेकतेस. काय आहे तो?"

सांगावं लागलं. काल आणि उद्या आमच्या मराठीतही वेगळे. पण त्यांच्या पलीकडचा दिवस मागचा असो की पुढचा, 'परवा'च.

"मग तुम्ही लोक बस कशी पकडता?"

हॉल खदखदून हसला. विनोद न कळता आईही हसली. मी मात्र संधी सोडली नाही.

"तुमची बोअर मराठीच बोलते," मी म्हटलं. "आज वर येतंय ते तुमच्या वडिलांच्या वेळचं पाणी. तेव्हा खत कमी होतं, म्हणून चांगलं आहे. तुम्ही आज टाकताय ते वर येईल तुमच्या मागे."

पण तो हो म्हणाला नाही, आणि चहा पिऊन लोक पांगले. मी हिरमुसून तक्ते डिकीत टाकत होते, तर हा टोपी हातात घेऊन गाडीपाशी उभा.

"माझ्या मुलीला बाळ होणार आहे. इथेच राहणार ती," तो म्हणाला. "बाळाची दुधाची पावडर याच पाण्यात कालवतील. ते तुझ्या कुठल्या परवात येतं?"

थाप मारवेना.

"तेच मोजायचंय," मी म्हटलं.

"मग उद्याच ये. फाटक उघडं ठेवतो."