गळक्या काचेची मोटार

आभाळ भरून आलं की सोलापुरातली माणसं हरखून ओट्यावर येऊन उभी राहायची. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा. आला तर आला. आमच्या गिरिजाक्का मात्र गडगडाट ऐकला की हातातलं काम टाकून अंगणातल्या मोटारीकडे धावायच्या, पुढच्या काचेखालच्या सांध्यावरून बोट फिरवायच्या आणि पुटपुटायच्या, "आज तरी नको गं बाई." हे त्या पावसाला म्हणत की मोटारीला, ते मला कधी कळलं नाही.

भवानी पेठेत, हातमागांच्या खटखटाटात अक्कांचा दवाखाना होता. नवरा गेल्यावर मी सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि त्यांच्याकडे नर्स म्हणून लागले. अक्का अक्कलकोटकडच्या लिंगायत घरातल्या, पुण्याला डॉक्टरी शिकून आलेल्या. लग्न केलं नव्हतं. हाडापेरानं मजबूत, कपाळावर भस्माची बारीक रेघ, इरकली लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. मराठी बोलताना वाक्यागणिक 'की' यायचा, विणकरांच्या बायकांशी त्या मोडकंतोडकं तेलुगू बोलायच्या आणि रागावल्या की कन्नड. सासऱ्याच्या धाकानं तोंडात पदर कोंबून कळा सोसणारी बाई दिसली की त्या पदर ओढून काढत. "ओरड की गं! सासरा ओसरीवर बसलाय म्हणून कळ थांबते होय? ऐकू दे की त्याला, नातू कसा येतो ते!"

मोटार त्यांना एका इनामदारांनी दिलेली. सुनेचं अवघड बाळंतपण अक्कांनी निभावून नेलं, तेव्हा घरात नवी गाडी आल्यामुळं अडगळीला पडलेली ही जुनी त्यांनी दवाखान्यात पाठवून दिली. वर कापडी छत, समोर पितळी चौकटीत बसवलेली दोन तावदानांची उभी काच. अक्का महिन्याभरात स्वतः चालवायला शिकल्या. बाई मोटार हाकते म्हणून लोक दुकानांतून उठून बघत. गाडी उन्हाळ्यात घोड्यासारखी पळायची. खोड निघाली ती पावसात. काचेच्या चौकटीखालून पाणी झिरपायचं आणि नेमकं फळीवर बसवलेल्या एका लाकडी पेटीवर पडायचं. इंजिनाला ठिणगी मिळायची ती त्या पेटीतून. पेटी ओली झाली की गाडी दम्याच्या रोग्यासारखी खोकायची आणि जागच्या जागी थांबायची.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही त्याचं फार मनावर घेतलं नाही. सांध्यात मेण भरलं, पेटीवर जुनी चादर टाकली, झालं. पुढच्या भाद्रपदात एका दुपारी म्हादेव आला.

म्हादेव अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका वस्तीवरचा शेतकरी. कुणाचं तरी घोडं दौडवत आला होता. अंगावरचे कपडे पावसानं चिकटलेले. "डागदरीणबाई, चला. माजी सोना अडलीया. सकाळधरनं कळा येत्यात. मी तीन दिस झालं बैलं घिऊन बाजारला गेल्तो, आत्ता आलो तर ही गत. लई वंगाळ हाय बघा."

आम्ही लगेच निघालो. शहर मागं पडलं आणि पाऊस असा काही लागला की समोरचा रस्ता दिसेना. अक्कांच्या मांडीवर पाण्याची धार लागली. त्या एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं पेटीवरची चादर दाबत होत्या. इंजिन खोकलं. "नको, नको, नको," अक्का म्हणाल्या. गाडी थांबली.

त्यांनी पेटी उघडली, पदरानं पुसली. म्हादेवानं खाली उतरून इंजिनाचा दांडा फिरवला. गाडी सुरू झाली, थोडी सरकली, पुन्हा थांबली. पुन्हा पुसलं. पदर भिजला तेव्हा माझा घेतला. माझाही भिजला तेव्हा बॅगेतल्या पट्ट्यांचा कापूस काढला. म्हादेव दांडा फिरवता फिरवता रडायला लागला. शेवटी अक्कांनी बॅग त्याच्या डोक्यावर दिली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं. "यमू, चल. पाय तर चालतात की."

काळ्या रानातला चिखल पाय सोडत नाही. मी दोनदा पडले. अक्का मागं बघत नव्हत्या. वस्तीवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सोना होती, पण नावाला. मला पाणी तापवायला सांगून अक्का आत गेल्या, आणि पाण्याला आधण यायच्या आतच बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग म्हादेवाची आई, काशाबाई, उंबऱ्यावर येऊन बसली. तिची नजर जमिनीवरून हलत नव्हती. सोना गेली, पोटातलं मूलही गेलं.

म्हादेवानं भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली आणि अंगणातल्या बाभळीवर घाव घालत सुटला. ढलप्या उडत होत्या. "कुनामुळं गेली? कुनामुळं, सांगा मला! आज त्याला ठेवत न्हाई!" त्याचे दोन चुलत भाऊ दूर उभे होते, जवळ जायची कुणाची छाती होईना.

अक्का सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या गाडीमुळं," त्या म्हणाल्या. "पाणी शिरलं, गाडी थांबली. नाहीतर वेळेत पोचले असते."

कुऱ्हाड वर गेलेली होती. मला वाटलं, संपलं. म्हादेवानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग कुऱ्हाड खाली पडली, तो त्यांच्या पायांशी थुंकला आणि आत जाऊन सोनाच्या अंगावर कोसळला.

बाजाराच्या दिवशी गोष्ट शहरात पोचली. 'डागदरणीची मोटार वाटेत बसली आणि बाई मेली.' पुढं तिला पाय फुटले. मोटारच अपशकुनी, जिच्या दाराशी थांबते तिथं मयत होते. खेड्यांतून बोलावणी येईनाशी झाली. पेठेतल्या बायकासुद्धा मागच्या दारानं येऊ लागल्या आणि "मोटार आणू नका हं, चालतच या," म्हणून सांगू लागल्या.

अक्कांनी कुणाला उत्तर दिलं नाही. त्या मोटारीच्या मागं लागल्या. शहरातल्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून लापी केली, सांध्यात भरली आणि म्हणाला, "बाईसाब, शीशे की गाडी है, थोडा तो टपकेगीच." लापी वाळल्यावर अक्कांनी मला काचेवर घागर ओतायला लावली आणि स्वतः आत बसून राहिल्या. पाणी आलं. लापी खरवडून राळ भरली. पाणी आलं. डांबर भरलं, चामड्याची पट्टी ठोकली, सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबून बसवले. दर खेपेला आतून त्यांचा आवाज यायचा, "ओत." आणि थोड्या वेळानं, अगदी हलक्या आवाजात, "आलं गं."

आडावर पाणी भरायला आलेल्या बायका थांबून बघायच्या. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "डोस्क्यावर परिनाम झालाय का हो बाईंच्या?" मी तिला हाकललं, पण रात्री मलाही तेच वाटायचं. अक्का जेवणावरून उठून जात. नखांत डांबर, बोटांना चिरा. पेशंट तपासायच्या आधी हात घासून घासून कातडं सोललं होतं. एकदा चामड्याच्या पट्टीखालूनही थेंब आला, तेव्हा त्यांनी पितळी चौकटीवर कपाळ टेकवलं आणि कन्नडमध्ये काहीतरी बोलत राहिल्या, देवाशी बोलावं तसं. मी घागर खाली ठेवली. "अक्का, गाडी देऊन टाका कुणाला तरी."

"आणि पाऊस कुणाला देऊ?" त्या म्हणाल्या.

त्यांचे थोरले भाऊ न्यायला आले. अंगणात ती डांबरानं माखलेली मोटार आणि तिच्यात बसलेली बहीण बघून ते तिथंच पायरीवर बसले. "साकु, गिरिजा. पुरे झालं. घरी चल." अक्कांनी त्यांना जेवू घातलं, त्यांच्या खोकल्याचं औषध बांधून दिलं आणि स्टेशनवर पोचवून आल्या. येताना मला म्हणाल्या, "दादा रडला गं. मी तरी काय करू?"

उत्तर सापडलं ते औषधांच्या कपाटात. पटकीच्या साथीत विहिरीत टाकायची जांभळी पूड अक्का एक दिवस पेल्यात कालवत होत्या, एकदम थांबल्या. आम्ही तेवढे दिवस सगळ्या काचेवर घागरी ओतत होतो. आता त्यांनी मला चमचा दिला. जांभळं पाणी एका वेळी एकाच जागी ओतायचं. खालच्या सांध्यावर ओतलं. आत काही नाही. डाव्या बाजूला, मधल्या बिजागरीवर ओतलं. काही नाही. मग छताची कांब जिथं चौकटीला स्क्रूनं जोडली होती, तिथं अगदी वर ओतलं. बराच वेळ गेला. आणि खाली, पेटीच्या बरोबर वर, एक जांभळा थेंब जमला आणि पडला.

चौकट आतून पोकळ होती. पाणी वरच्या भोकातून शिरून आतल्या आत खाली उतरत होतं. आम्ही मात्र ते जिथं बाहेर पडत होतं तिथं बोळे कोंबत बसलो होतो.

अक्का हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. बाळंतिणीखाली घालायची रबरी चादर दवाखान्यात एकच धड होती; तिचा कोपरा त्यांनी कात्रीनं कापला. मी म्हणाले, "अहो, ती लागते आपल्याला!" "कोपरा नाही लागत की." रबराची गोल चकती करून स्क्रूखाली घातली. शेजारच्या विणकराच्या घरातून सूत आणलं, ते रंगाच्या सफेद्यात आणि तेलात भिजवून स्क्रूच्या आट्यांवर गुंडाळलं आणि सगळी ताकद लावून तो पिळला. दोन दिवस वाळू दिलं. मग पेटीवर बोरिक पावडर पसरली, म्हणजे एक थेंब पडला तरी दिसेल. मी ओतत राहिले. आतून आवाज येईना. वाकून पाहिलं तर अक्का त्या पांढऱ्याशुभ्र पावडरीकडे बघत बसल्या होत्या.

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर, एका सकाळी, म्हादेव दारात उभा राहिला. त्यानं मान वर केली नाही. "दुसरं लगीन केलंया. तिला पहाटं कळा सुरू झाल्या. आईनं धाडलं. म्हनली, आत्ताच जा, त्याच बाईला आन."

अर्ध्या वाटेवर पाऊस आला. मागच्यासारखाच. काचेवर नुसता लोट; अक्का बाजूनं डोकं बाहेर काढून रस्ता बघत होत्या. म्हादेव मागच्या बाकावर अंग चोरून बसलेला. जिथं गाडी मागं थांबली होती तो ओढ्याचा उतार आला. इंजिनाचा सूर जराही बदलला नाही.

मूल आडवं होतं. अक्कांनी ते आतून फिरवलं. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं धुऊन गेलं. मुलगी झाली, निळी पडलेली. अक्का तिच्या तोंडात फुंकर घालत राहिल्या, आणि ती रडली. काशाबाईनं अक्कांच्या हातावर गरम पाणी घातलं. ती अक्कांकडे न बघता ओतत होती; निम्मं पाणी जमिनीवर गेलं.

परतताना मी चिडून म्हणाले, "म्हातारीनं साधं 'बरं झालं' म्हटलं नाही."

अक्कांनी आधी ओढ्याचा उतार पार केला. मग म्हणाल्या, "सोनाच्या पोटाला हात लावला तेव्हाच कळलं होतं गं. गर्भाची पिशवीच फाटलेली होती. कळा सकाळच्या नव्हत्या, दोन दिवसांच्या; विचारलं तेव्हा म्हातारीनं आतच कबूल केलं. परक्या बाईचा हात नको म्हणून म्हातारीनं कुणाला धाडलं नाही, आणि पोराला सकाळचं सांगितलं. मी दुपारी उडत गेले असते तरी ती वाचत नव्हती."

मी विचारलं, "मग गाडीचं नाव का घेतलंत? वर्षभर लोकांनी तुम्हाला..."

"त्याच्या हातात कुऱ्हाड होती की. खरं सांगितलं असतं तर म्हातारी मेली असती आणि हा फासावर गेला असता. एका दिवसात किती मरणं बघायची?"

"आणि तरी त्या काचेपायी जीव काढलात?"

"गाडी तर खरंच थांबली होती, यमू. त्या दिवशी तिच्यामुळं कुणी मेलं नाही. पुढच्या वेळी मेलं असतं."

हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मी पाळलं. बोलावणी हळूहळू पुन्हा सुरू झाली, पण 'तिच्या हातून एक गेली हो' हे वाक्य त्यांच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच.

काही वर्षांनी एका बाळंतिणीचा सडलेला गर्भ काढताना त्यांच्या बोटाला सुई लागली. विष दंडापर्यंत चढलं. तेव्हा त्यावर औषध नव्हतं, आणि हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तापाच्या ग्लानीतही मला सांगत होत्या, "माझी पट्टी बदललीस की हात जाळून काढल्यासारखे धू. तुझ्याकडे बायका येतील आता."

अक्का गेल्या तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवून अंगणात ठेवलं होतं. पेठ लोटली होती. भाऊ पायांशी बसलेले. तेवढ्यात गर्दीतून काशाबाई पुढं आली; मागं म्हादेव, त्याच्या कडेवर ती मुलगी. म्हातारीनं अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं, मग उठून लोकांकडे तोंड केलं.

"माजी पयली सून माज्या हट्टापायी मेली," ती मोठ्यानं म्हणाली. "दोन दिस कुनाला बोलवू दिलं न्हाई मी. मोटारीनं न्हाई मेली. ह्या बाईला सगळं ठावं होतं, आन् हिनं माजं पाप सोताच्या डोस्क्यावर घेतलं. आता हिला मातीत ठेवायच्या आत ते मी माजं परत घेते."

म्हादेवाचा चेहरा पांढरा पडला. तो आईकडे बघत राहिला, आणि मला ती बाभळ आठवली. म्हातारी मान खाली घालून उभी होती. पळायची तिची तयारी नव्हती.

मग म्हादेवानं कडेवरची मुलगी माझ्या हातात दिली, पुढं होऊन आईच्या दंडाला धरलं आणि तिला सावलीत नेऊन बसवलं.