भुईला लागलेलं पाऊल

ह्यांचं उजवं अंग लुळं पडलं तेव्हा मी घाबरून बाळे गावच्या खंडोबाला नवस बोलले, ‘ह्यांचं पहिलं पाऊल तुझ्याच दारात पडेल, तोवर भुईला लागू देणार नाही.’ वैद्यांनीही बजावलं होतं, हलवू नका, वारा लागू देऊ नका. झालं! गिरणीत दिवसभर मागाच्या सांच्यापुढं उभा राहणारा माणूस मी अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवला. अठराव्या दिवशी पाठीला जखमा, छातीत घुरघुर. मी देवावरच चिडले. एवढं पाळतेय, अजून काय हवं तुला?

त्या सकाळी होटगीकडचा एक म्हातारा धनगर घोंगड्या विकत दारी आला. ह्यांच्या पाठीखाली घालायला एक घ्यावी म्हणून मी त्याला आत घेतलं. ह्यांना बघून तो सौदाच विसरला. “किती दिस निजवलाय?” मी दिवस सांगितले, नवसही सांगितला.

“अगं बाई, मेंढरू आडवं झालं की आमी पडू देत न्हाय. पडून ऱ्हायलं तर दम कोंडून मरतंय. पोटाखाली घोंगडं घालायचं, उचलायचं, पाय भुईला टेकवायचं. उठीव मालकाला!”

सासूबाई कडाडल्या, “नवस मोडलास तर कुंकू जाईल तुझं!” निजवून ठेवलं तर जाणार, हे दिसत होतं. उठवलं आणि गेले तर माझ्या हातानं जाणार. म्हाताऱ्यानं आपल्या कपाळाचा भंडारा बोटानं ह्यांना लावला. “पाप माज्या माथी. देवाला तसं सांग की.”

काखेतून घोंगडी घालून आम्ही दोघांनी उचललं. ह्यांचे ओठ पांढरे पडले, मान कलली. माझ्या तोंडून किंचाळी निघाली. म्हातारा ओरडला, “सोडू नगं!” डावा पाय टेकला. मग उजवा, मेल्यासारखा. चार श्वास आम्ही तसेच उभे. छातीतला कफ सुटला, आणि कितीतरी दिवसांनी ह्यांनी पोटभर श्वास घेतला.

मग रोज चार वेळा तसंच उठवलं. घोंगडी ठेवून म्हातारा गेला तो पुन्हा दिसला नाही. होटगीला माणूस धाडला, कुणी ओळखेना. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही. देवाच्या हवाली केलं असं मी म्हणत होते, आणि अट घालून गच्च धरून मीच बसले होते, एवढं मात्र कळलं.

चैत्रात बाळ्याच्या देवळात गेलो, माफी मागायला. काठी टेकत हे तापलेल्या फरशीवर आले आणि थबकले. बोबड्या जिभेनं म्हणाले, “पाय भाजला गं.”

“कुठला?”

“उजवा.”

मी तिथंच फरशीवर डोकं टेकलं.