एकच होडी

ग्लेनिस हॅडो ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थच्या आसपासच्या वस्त्यांवरून शाळेची बस चालवायची. तिला मूलबाळ नव्हतं, पण त्या रस्त्यावरची दोन पिढ्यांची पोरं तिच्या आरशात मोठी झाली. नवरा रॉस ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. समुद्र तिथून गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तरी निवृत्त होताच रॉसने राहतं घर विकून शिडाची बोट घेतली.

"दोन वर्षं फिरू, मग बघू," तो म्हणाला होता.

मी तिला भेटले तेव्हा सहावं वर्ष चालू होतं. फिजीत, सावुसावूच्या खाडीत, त्यांची बोट 'करावाँग' आणि आमची बोट पाण्यात तरंगणाऱ्या शेजारशेजारच्या बोयांना बांधलेल्या होत्या. माझा नवरा आणि मी न्यूझीलंडचे, दर हिवाळ्यात, म्हणजे मे ते नोव्हेंबर, इकडे येणारे. ते दोघं मात्र डोलकाठीच्या एका दुरुस्तीसाठी महिनाभर म्हणून थांबले होते आणि तिथेच राहिले. कारण रॉसला इंजिनं दुरुस्त करता येतात ही बातमी एव्हाना खाडीभर झाली होती. ज्याचं इंजिन खोकलं तो रॉसला हाक मारायचा आणि रॉस निघायचा. बदल्यात मासे मिळायचे, केळी मिळायची, गप्पा मिळायच्या. सगळ्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. ग्लेनिस हसायची.

बोटीवरचा दिवस म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी डब्यांतून आणायचं, संडास हाताने पंप करायचा, बटाटे बिछान्याखालच्या कप्प्यात, म्हणून झोपलेल्याला उठवल्याशिवाय भाजी नाही. चपलेला बुरशी, पुस्तकाला बुरशी. मधल्या बोळातून एकाला जायचं तर दुसऱ्याने पाय वर घेऊन बसायचं. हे सगळं ग्लेनिस बिनतक्रार करायची. तिची अडचण वेगळीच होती. बोटीवरून धक्क्यावर जायला त्यांना होडी एकच होती.

आधी वल्ह्यांची लाकडी होडी होती, ती ग्लेनिस मजेत वल्हवायची. रॉसने ती देऊन टाकली आणि हवा भरायची रबरी होडी घेतली, मागे दोरी ओढून चालू करायचं मशीन. त्यात न्यूझीलंडहून येताना वाऱ्यात शीड उतरवताना ग्लेनिसचा उजवा खांदा धरला तो धरलाच. हात कानापर्यंत जाईना, दोरी कुठली ओढणार? आणि ओढता आली असती तरी होडी जागेवर असायला हवी ना. ती असायची रॉसबरोबर.

"मला आधी धक्क्यावर सोडतोस का?" ती विचारायची.

"अगं, अर्ध्या तासात आलो. मग दोघं मिळून जाऊ."

तो खोटं बोलायचा नाही. निघताना त्याच्या मनात अर्धा तासच असायचा. पण उघडलेलं इंजिन तसंच कसं टाकून यायचं? मग दुपारचं जेवण तिकडेच व्हायचं. इकडे ग्लेनिस सुकाणूपाशी बसलेली. धक्का समोर, इतका जवळ की तिथे कोण कोणाशी भांडतंय ते ऐकू यायचं, भाजी-बाजारातल्या भज्यांचा वास यायचा. मधे फक्त खाडीचं पाणी, भरती-ओहोटीला जोरात वाहणारं.

मी तिला म्हटलं, "रेडिओवर हाक मार ना. मी नेईन तुला."

"हो, मारीन," ती म्हणायची. कधी मारली नाही.

एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, "टेसा, तो रेडिओ सगळी खाडी ऐकते. ग्लेनिसला कांदे हवेत, कोणी नेता का, हे सगळ्यांनी चहा पीत ऐकायचं? अगं, लोक माझ्या बसची वाट बघत उभे असायचे. मी कधी थांब्यावर उभी राहिले नाही."

"मग रॉसला सांग नीट."

"काय सांगू? तो मारतो का मला? ओरडतो का? चांगला माणूस आहे तो. चांगल्या माणसाबद्दल तक्रार करायची कशी, ते मला येत नाही."

त्या ऑगस्टात एका सकाळी टॅमवर्थहून तिच्या भाच्याचा, कीथचा फोन आला. तिची मोठी बहीण, कीथची आई एव्हिस इस्पितळात होती, न्यूमोनिया झाला होता. "मावशी, जमलं तर लगेच ये," तो म्हणाला. आई गेल्यावर एव्हिसनेच ग्लेनिसला वाढवलं होतं. ग्लेनिसने गावातल्या विमान कंपनीला फोन लावला. दुपारच्या छोट्या विमानात एकच जागा होती. त्यातून नांदीच्या मोठ्या विमानतळावर पोचलं की रात्रीचं सिडनीचं विमान मिळत होतं. "अकराच्या आत या, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

रॉस सकाळीच गेला होता, खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका मोठ्या बोटीचा गिअरबॉक्स बघायला. फोन दोघांत एकच, तो तिच्याकडे, आणि त्याचा हातातला रेडिओ टेबलावरच चार्जिंगला लावलेला होता. ग्लेनिसने त्या बोटीला हाक मारली. पण गिअरबॉक्स उघडायचा म्हणून त्यांनी बॅटरी सोडवून ठेवली होती, त्यांचा रेडिओ मुका. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मी कपडे धूत होते आणि तिची हाक मला ऐकू आली.

"करावाँगवरून. रॉस, ऐकतोयस का?"

दोनदा आली. मी हात पुसून बटण दाबलं. "ग्लेनिस, टेसा बोलतेय. काही हवंय का?"

रेडिओत खरखर झाली.

"नाही गं," ती म्हणाली. "येताना पाव आण म्हणून सांगायचं होतं."

मी परत कपड्यांकडे वळले.

ती बॅग भरून, बूट घालून बसली होती. पुष्कळ दिवसांनी घातलेले बूट. समोरच्या टेकडीपलीकडून विमान वर चढलं, वळलं आणि दिसेनासं झालं, ते तिने बसल्या जागेवरून पाहिलं. रॉस तीनच्या सुमारास आला तो एक भलामोठा शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, घेऊन. बॅग बघून म्हणाला, "हे काय? कुठे निघालीस?"

तिने सांगितलं. त्याने लगेच फोन केले, धावपळ केली, पण शाळांच्या सुट्टीमुळे पुढची विमानं भरलेली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे एव्हिस गेली.

"अंत्यविधीला तरी पोचशील. मी काहीही करून जागा मिळवतो," रॉस म्हणाला.

"आता कशाला?" ग्लेनिस म्हणाली आणि तिने बॅग रिकामी केली.

दोनेक आठवडे तसेच गेले. रॉस घरात म्हणजे बोटीवरच राहिला, तिच्या पुढेपुढे करत. चहा करून देई, काही बोलायला जाई. पण लोकांच्या हाका थांबत नव्हत्या, आणि त्यालाही त्या गप्प बोटीवर गुदमरायला होत असणार. एका सकाळी कोणाचा तरी पाण्याचा पंप बंद पडला.

"जाऊन येतो गं. खरंच अर्धा तास."

"जा," ती म्हणाली.

तो दिसेनासा झाल्यावर तिने कोरडे कपडे आणि पासपोर्ट झाकणाच्या बादलीत घातले, झाकण ठोकून बसवलं, बादली दोरीने कमरेला बांधली आणि शिडी उतरून पाण्यात शिरली.

मी धक्क्यावर पाणी भरत होते. आधी मला ती बादलीच दिसली, पांढरी, वाहत चाललेली. मग तिचं डोकं. एकाच हाताने पाणी कापत येत होती ती. ओहोटी संपत आली होती म्हणून निभावलं, तरी पाणी तिला बाजूला ओढत होतं. बोयांची देखभाल करणारा वाइसाले आपली लाँच घेऊन तिच्याजवळ गेला.

"मॅडम, चढा वर."

"नको वाइसाले. जमतंय."

"बरं," तो म्हणाला. त्याने मशीन बंद केलं आणि नुसता तिच्या बाजूने वाहत राहिला, दुसरीकडे बघत, जणू त्यालाही तिकडेच जायचं होतं. धक्क्यावर माणसं जमली. ती पायऱ्यांवर आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. धक्क्यावरच्या नळाखाली तिने पाय धुतले, स्वच्छतागृहात जाऊन कपडे बदलले आणि माझ्याकडे न बघता बाजाराकडे चालू लागली.

बाजारात तिची एक मैत्रीण होती, फिजीतलीच, भारतीय वंशाची हिरमती. चवळीच्या शेंगा, मिरच्या, लिंबाचं लोणचं फळीवर मांडून विकायची. ग्लेनिस तिच्या फळीमागे जाऊन खोक्यावर बसली. ओले केस पाहून हिरमतीने विचारलं, "दीदी, नवऱ्याने टाकलं की तू टाकलंस?"

"माहीत नाही अजून."

"मग या शेंगांच्या जुड्या बांध तोवर. रिकाम्या हाताने रडू येतं."

ग्लेनिसने दिवसभर जुड्या बांधल्या आणि संध्याकाळी हिरमतीच्याच घरी गेली. मुलगी लग्न होऊन ऑकलंडला गेल्यापासून तिथली मागची खोली रिकामी होती.

रॉस दुसऱ्या दिवशी तिथे गेला. मी तिचे थोडे कपडे घेऊन त्याच्यासोबत गेले होते, म्हणून मला ते बोलणं ऐकावं लागलं. हिरमतीने अंगणात खुर्च्या दिल्या आणि स्वतः ओसरीवर तांदूळ निवडत बसली, उठायचं नाव नाही.

"तू बुडाली असतीस," रॉस म्हणाला.

"नाही बुडाले."

"ग्लेन, त्या दिवशी कोणालाही सांगितलं असतंस तरी लोक धावत आले असते. टेसाने विचारलं होतं ना तुला?"

"विचारलं होतं." ती माझ्याकडे वळली. "तुझी काही चूक नाही, टेसा." मग परत त्याच्याकडे. "तेच तर आहे, रॉस. तोंडाशी आलं होतं. माझा नवरा होडी घेऊन गेलाय, मला कोणीतरी बाहेर काढा, असं म्हणायचं होतं. ते म्हणवेना. मी पाव म्हणाले. एव्हिस तिकडे श्वास घेत होती आणि मी पाव म्हणाले."

रॉस म्हणाला, "विकून टाकू बोट. घरी जाऊ."

"कुठल्या घरी?"

घर गेलं होतं, त्यात दुसरं कुटुंब राहत होतं. एव्हिसच्या घरात कीथ आणि त्याची पोरं. रॉस एकटाच बोटीवर परतला. जाताना हिरमतीने त्याला लोणच्याची बरणी दिली आणि म्हणाली, "भय्या, दुसऱ्यांची इंजिनं बंद पडली तर पडू दे थोडे दिवस."

नोव्हेंबरात आम्ही न्यूझीलंडला निघालो तेव्हा ग्लेनिस हिरमतीकडेच होती, चेहरा उन्हाने रापलेला, बरी दिसत होती. मला वाटलं, हिचं आता इथेच जमलं.

पुढच्या मे महिन्यात आम्ही परत आलो तर करावाँगवर ग्लेनिसचे कपडे वाळत होते. आम्ही नसताना, तिथल्या पावसाळ्यात, रॉसला डेंग्यू झाला होता. वाइसालेने तो तापाने फणफणलेला पाहिला आणि बाजारात जाऊन तिला सांगितलं. ती पपईच्या पानांचा रस घेऊन गेली. ताप उतरला, पण सांधे धरलेलेच राहिले. चमचा उचलताना त्याचा हात थरथरायचा. अशा माणसाला एकट्याला बोटीवर कसं सोडायचं?

"म्हणजे तू परत आलीस," मी म्हटलं.

"आले म्हणजे काय, मग निघताच आलं नाही," ती म्हणाली.

वाइसालेने तिला एक हलकी लाकडी होडी बनवून दिली होती. मागे उभं राहून एकाच वल्ह्याने, डाव्या हाताने हलवायची. तिला ती छान जमायची. रोज सकाळी ती त्या होडीने बाजारात जायची, हिरमतीच्या फळीमागे बसायची. मी एकदा तिच्यासोबत बसले. दर थोड्या वेळाने ती घड्याळ बघत होती.

"घाई आहे का?" मी विचारलं.

"त्याला अकरा सांगितलंय."

"उशीर झाला तर काय होईल?"

"काही नाही. तो काही बोलणार नाही." तिने जुडी बांधली. "पण वाट बघत बसलेलं माणूस कसं असतं ते मला माहीत आहे ना. मला नाही करता येत ते दुसऱ्याला."

अकराला दहा कमी असताना ती उठली.

बोट विकायला काढली होती. जुलैत एक तरुण जोडपं बघायला आलं, ऑस्ट्रेलियातल्याच होबार्टचं. मला ग्लेनिसने मुद्दाम बोलावलं होतं, गप्पांना माणूस असावं म्हणून. तिने आदल्या दिवशी सगळी बोट पुसून काढली होती, बुरशी व्हिनेगरने घासली होती, नारळाचा केक केला होता. रॉस त्या मुलाला डेकवर डोलकाठी, दोर, नांगर दाखवत होता. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा लागला होता. ती मुलगी खाली आमच्यासोबत बसली. सगळीकडे हात फिरवून झाल्यावर तिने ग्लेनिसला विचारलं, "तुम्हाला आवडलं का इथे राहायला?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर चाललं असतं. मी ग्लेनिसकडे बघत होते. तिने कपातला चहा ढवळला, साखर नसताना.

"त्याला आवडलं," ती म्हणाली. "मी सोबत होते."

मुलगी केक छान झालाय म्हणाली. मग वर गेली आणि नवऱ्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. ती दोघं विचार करून कळवतो म्हणून गेली. त्यांनी कळवलं नाही.

ती गेल्यावर रॉस कण्हत खाली उतरला. "वरून ऐकू आलं मला," तो म्हणाला. "हो म्हणाली असतीस तर कदाचित त्यांनी घेतली असती."

"माहीत आहे."

"मग का नाही म्हणालीस?"

"तिने खरं विचारलं होतं, रॉस."

तो भांडला नाही. तिच्यासमोर बसला आणि उरलेल्या केकचा तुकडा तोडून खाऊ लागला. वर आभाळ भरून आलं होतं. ग्लेनिस वाळत घातलेले कपडे काढायला उठली, तेव्हा त्याने पाय वर घेतले आणि तिला जाऊ दिलं.