चाचांच्या भिंतीवरचं गाव

शारजात आमची गाडी दुरुस्त करणारे चाचा मूळचे रत्नागिरीचे. स्वित्झर्लंड त्यांनी कधी पाहिलं नाही, पण एका जुन्या स्विस गिऱ्हाइकाचं गाव त्यांना तोंडपाठ आहे. "तीन बाजूंनी डोंगर, मधून नदी. चर्च एकदा जळलं, पुन्हा बांधलं," बॉनेटमध्ये डोकं घालून ते प्रत्येक वेळी ऐकवतात. तो म्हातारा मायदेशी परतला, तरी गावातले जन्म-मृत्यू फोनवर कळवायचा. चाचा लगेच गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेली गावची लोकसंख्या बदलायचे.

परवा फोन आला तो त्याच्या मुलीचा. म्हातारा गेला होता. चाचांनी आकडा पुसला आणि तोच आकडा पुन्हा लिहिला.

"चाचा, एक कमी झाला ना?"

"कोणीतरी जन्मलं असेल, इन्शाल्ला. यल्ला, चावी द्या."