काचेतल्या बाईची कंबर

लीड्सला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात माझी कंबर आणि मांड्या दुखायला लागल्या. जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागे. नवरा हाडांचा डॉक्टर, तोही इथल्या मोठ्या हॉस्पिटलात, त्यामुळे पुण्यात सगळ्यांना वाटे, हिला काय कमी आहे! घरच्या डॉक्टरचं निदान मात्र ठरलेलं होतं. "अगं, दिवसभर घरात बसतेस, म्हणून हे सगळं सुचतं. जिम जॉइन कर." इथल्या दवाखान्यातल्या जीपीनेही गोड हसून पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. दोन डॉक्टरांचं एकमत झाल्यावर मी दुखण्याबद्दल बोलणंच सोडून दिलं.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही म्युझियममध्ये रोमन काळाचं प्रदर्शन बघायला गेलो. काचेच्या पेटीत एका बाईचा सांगाडा ठेवला होता. नवरा त्यावर जो वाकला तो वाकलाच. शेजारची माहिती न वाचताच मला दाखवायला लागला, "हे बघ, बरगड्यांवर बारीक चिरा. इथे पेल्व्हिसला, कंबरेच्या हाडालाही. क्लासिक आहे! ऊन नाही, व्हिटॅमिन डी नाही, हाडं मऊ पडली. बिचारी! जिना चढताना जीव जात असेल हिचा."

मग त्याने माहिती वाचली. निदान बरोबर निघालं. स्वारी खूश.

"हिच्या नवऱ्याला कळलं असेल?" मी विचारलं.

"कसं कळणार? तेव्हा कुठे एक्स-रे होते! आणि पेशंट काय, काहीही सांगतो. हाडं खोटं बोलत नाहीत."

इतका राग मला त्याआधी कधीच आला नव्हता. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला बिचारी म्हणणारा हा माणूस, कूस बदलताना मी कण्हले की पांघरूण कानावर ओढून घ्यायचा.

"चल, पार्किंग संपतंय," म्हणत तो जिन्याकडे निघाला. मी बाकावर बसून राहिले. तो घड्याळ बघत परत आला.

"आता काय झालं?"

"काही नाही. मरायची वाट बघतेय. मग तरी नीट बघशील."

तो लालबुंद झाला. पण त्याच आठवड्यात त्याने माझं रक्त तपासायला लावलं, एक्स-रे काढवला. व्हिटॅमिन डी जवळजवळ नव्हतंच, आणि पेल्व्हिसला बारीक चीर होती.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. बाहेर तो हॉस्पिटलातल्या मित्राला फोनवर माझा रिपोर्ट वाचून दाखवत होता. "क्लासिक आहे!" म्हणाला, अगदी त्या रविवारच्याच आवाजात. बिचारी मात्र म्हणाला नाही.