एक डोळा मिटलेले नाना

नानांचा धड असा एकही फोटो नाही.

अर्ध्या नंदुरबारची लग्नं ज्यांनी काढली, त्या फोटोग्राफर नानांचा.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. दुपारी श्राद्धाला पाहुणे यायचे होते आणि मी सकाळपासून हार्ड डिस्कमध्ये डोकं खुपसून बसलो होतो. चहा दोनदा गार झाला.

दशक्रियेला आधार कार्डवरचा फोटो मोठा करून लावला होता. सगळ्यांनी हात जोडले. नानींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जोडले नाहीत. संध्याकाळी त्यांनी तो भिंतीवरून काढून टाकला. तेव्हापासून खिळा रिकामा.

कुणी मोबाईल समोर धरला की नाना लगेच आपला डीएसएलआर उचलायचे. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला, डावा घट्ट मिटलेला. फोटो काढणाऱ्याचाच फोटो निघायचा.

आम्ही बरोबर काम करायचो आणि बरोबरच भांडायचो. मी मिररलेस कॅमेरा घेतल्यावर तर रोज.

मी सांगायचो, नाना, आरसा गेला आता. आत छोटा स्क्रीन असतो, फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. कॅमेरा स्वतःच माणसाचा डोळा शोधतो, फोकस सोडत नाही.

त्यांनी एकदा माझ्या व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं आणि कॅमेरा परत दिला.

"तू टीव्ही दखस. मी नवरदेव दखस."

आणि तो खटका! आरशाचा खटका ऐकू आला नाही तर फोटो निघाला हे लोकांना कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. राग येतो, पण बरोबर होतं. कोरीटच्या एका लग्नात मी सायलेंट शटर लावलं, तर फोटो निघून गेला तरी अख्खं वऱ्हाड स्टेजवर श्वास रोखून उभं.

असो. मी शोधत होतो.

नाना माझ्या कितीतरी फोटोंत आहेत. मागे, कोपऱ्यात, सगळीकडे ब्लर. माझ्या कॅमेऱ्याला डोळा लागतो. नानांचा एक मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यामागे. त्याला ते माणूसच वाटले नसावेत.

इतका वैताग आला की लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन आलो. परत बसलो.

मग काठी गावच्या होळीचं फोल्डर उघडलं.

त्या पहाटे नानांनी हट्टानं त्यांची जुनी लेन्स ॲडॉप्टर लावून माझ्या कॅमेऱ्यावर चढवली होती. त्या लेन्सला स्वतःची मोटर नाही. ती फिरवायची मोटर त्यांच्या डीएसएलआरच्या बॉडीत. माझ्या कॅमेऱ्यावर लेन्स बसली, पण ऑटोफोकस ठप्प.

"बसस, पन चालत नही," म्हणाले. खूश, जसं काही तेच जिंकले.

मग मी चिडून रिंग हातानं फिरवत बसलो. मोरपिसांचे टोप घातलेले लोक नाचत होते, मागे होळी धडधडत होती, आणि पलीकडून नाना माझ्यावर कॅमेरा रोखून उभे. मी फोकस त्यांच्यावर आणला. एकच फोटो काढला.

तो सापडला. भुवईचा केस न् केस दिसतो. डावा डोळा मात्र मिटलेलाच, आणि अर्धा चेहरा कॅमेऱ्यानं खाल्लेला.

धानोऱ्याचे अप्पा, म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, बघताक्षणी नको म्हणाले.

"पाव्हना काय म्हनतीन? श्राद्धमा नाना डोया मारी ऱ्हायनात."

कुणीतरी सुचवलं, एआय आहे ना. मी फोटो ॲपमध्ये टाकला. कॅमेरा गायब, दोन्ही डोळे उघडे, शिवाय गालावर हसूही. क्षणभर मलासुद्धा बरं वाटलं, काय लपवायचं.

मोबाईल नानींपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हाऊ कोन शे?"

मी पटकन स्क्रीन सरकवली आणि काठीचा फोटो पुढे केला. नानींनी माझा हात घट्ट धरला.

"हाई लाव. लगीन व्हयनं तवयपासून मी त्यासनं हाईच तोंड दखेल शे."

धावतपळत प्रिंट काढून आणली. फ्रेम ओलीच होती गोंदानं. भिंतीवर नाना लागले, कॅमेरा आमच्याकडे रोखून.

आणि मग एक गंमत झाली. फुलं वाहायला जो पुढे येई, तो फोटोसमोर थबके आणि केस सारखे करी. अप्पांनी आधी शर्टाची कॉलर बसवली, मग हात जोडले. मीही नकळत पोट आत घेतलं. कुणी हसलं नाही.

शेवटी नानी आल्या. पदर नीट केला, मान सरळ केली, आणि हलल्याच नाहीत. आम्हीही कुणी त्यांना हलवलं नाही.

नाना, फार आठवण येते. भरल्या मनानं तुम्हाला नमस्कार.