शालूची गिटार आणि कोलशेतचं सारवलेलं अंगण

"आवाज बसलाय, एवढंच आहे," गुप्ते म्हणाले. "संध्याकाळी कोलशेतला कार्यक्रम आहे. तेवढं दुपारपर्यंत करून द्या."

ठाण्यात खोपटला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गुप्ते कल्याणला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. स्वातंत्र्यानंतर रेल्वे कॉलनीतला एक साहेब बिऱ्हाड मोडून विलायतेला गेला, त्याच्याकडून त्यांनी हवाईयन गिटार आणि तिचा जुना अॅम्प्लिफायर घेतला होता. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि हातातली लोखंडी कांडी तारांवर सरकवत वाजवतात. त्यांची मुलगी शालू ती सुरेख वाजवायची. कोलशेतच्या पाटलांनी नवं घर बांधलं होतं. सत्यनारायण झाल्यावर अंगणात शालूचं वादन होतं. चारचौघांत वाजवायची तिची पहिलीच वेळ, त्यामुळे बापलेक दोघंही सकाळपासून घायकुतीला आलेले.

मी अॅम्प्लिफायरचा डबा उघडला. कंडेन्सर गेले होते. कंडेन्सर म्हणजे वीज जरा वेळ साठवून ठेवणारा भाग. तो म्हातारा झाला की गाणं कमी आणि गुरगुर जास्त. नवे लावले, आवाज खणखणीत आला. शालूला म्हटलं, वाजवून बघ. तिने तारांना हात लावण्याआधी एक बोट हळूच टेकवून चटकन मागे घेतलं, तवा तापलाय का बघतात तसं.

"असं का केलंस गं?"

"मुंग्या येतात ना, काका. कधी कधी जोरात."

"विजेची गिटार म्हटल्यावर थोडं असायचंच," गुप्ते म्हणाले. "मी तिला सांगतो, सवय कर."

मी डबा पुन्हा उलटा केला. आधी आवाजाच्या नादात मी बघितलंच नव्हतं, आत ट्रान्सफॉर्मर नव्हता. साध्या भाषेत सांगतो. भिंतीतली वीज आणि तुमचा हात यांच्यात ट्रान्सफॉर्मर हा भिंतीसारखा उभा असतो. दोन वेगळ्या तारांची वेटोळी, एकमेकींना न चिकटणारी. काही जुन्या यंत्रांत तो घालतच नसत. भिंतीतल्या दोन तारांपैकी एक सरळ आतल्या पत्र्याला जोडलेली असते, आणि पत्रा गिटारच्या तारांना. ती तार थंड असली तर ठीक. गरम असली, म्हणजे तिच्यात वीज असली, तर मुलगी सरळ भिंतीतल्या विजेला हात लावून बसलेली.

हे सांगितल्यावर गुप्ते हसले. "त्याचा उपाय आहे की! खंडेनवमीला आम्ही सगळ्याची पूजा केली, तेव्हा प्लगच्या एका अंगाला कुंकू लागलं. ते वर ठेवलं की मुंग्या येत नाहीत. उलटं लावलं की येतात."

त्यांनी प्लग दाखवला. दोन पिनांचा, कसाही बसणारा. खरोखरच एका अंगाला कुंकू.

"अहो, हे तुमच्या घरच्या सॉकेटपुरतं. पाटलांकडच्या वायरमनने तारा कशा जोडल्यात, तुम्हाला काय ठाऊक?"

"साहेब इतकी वर्षं वाजवत होता. त्याला काही झालं नाही."

"साहेबाच्या पायात बूट होते आणि खाली लाकडी फरशी."

"मग हीपण चप्पल घालील."

"सत्यनारायणाच्या मांडवात, बाबा?" शालू म्हणाली. "चप्पल घालून?"

माझ्या टेबलावर एक ट्रान्सफॉर्मर होता, जेवढे व्होल्ट आत तेवढेच बाहेर देणारा. असली यंत्रं दुरुस्त करताना मी मरू नये म्हणून ठेवलेला. तो गोणपाटात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि त्यांच्याबरोबर टांग्यात बसलो. वाटेत गुप्त्यांना बजावलं, मी सांगेपर्यंत प्लग लावायचा नाही. वजनाने पाय बधिर झाले होते, पण तो मांडीवर होता म्हणून जरा धीर होता.

पाटलांचं अंगण सकाळीच शेणाने सारवलेलं, अजून ओलसर. मी ट्रान्सफॉर्मर ओटीवर ठेवला आणि मीटर कुठे आहे ते बघायला आत गेलो. फ्यूज बघितल्याशिवाय मी कुठेच काही जोडत नाही.

बाहेर पाटील गुप्त्यांना घाई करत होते. "मास्तर, पोर कवा वाजवल? लोका कवाशी बसल्यान!"

घरात मान देऊन बोलावलेल्या माणसाला यजमानाचा शब्द मोडवत नाही. मी बाहेर आलो तेव्हा गुप्त्यांनी प्लग सरळ भिंतीत लावला होता. कुंकू वर. शालू अनवाणी, ओल्या जमिनीवर पाय टेकून स्टुलावर बसली होती. गिटार मांडीवर. कांडी हातात. पण आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापून आवाज यायला थोडा वेळ लागतो, तोवर ती बोटांत नख्या चढवत होती.

"शालू! हात वर!"

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडलो नसेन. तिने दोन्ही हात वर केले, कांडी खाली पडली. मी स्टुलामागे जाऊन गिटारच्या दांड्याला कापड गुंडाळलं, ती तिच्या मांडीवरून उचलली आणि बाजूला ठेवली.

"काय झाला?" पाटील धावत आले.

मी खिशातला टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. एक वायर मांडवाच्या जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला. दुसरी गिटारच्या तारेला.

बल्ब पेटला.

गुप्ते त्या बल्बकडे बघत उभे होते, मग तिथेच जमिनीवर बसले. मी प्लग उपसला. मला त्यांचा संताप आला होता.

मग ट्रान्सफॉर्मर मधे घेतला. सगळं जोडून, व्हॉल्व्ह तापवून पुन्हा तोच बल्ब लावला. पेटला नाही. प्लग उलटा करून लावला. तरी नाही.

"आता बस," मी शालूला म्हटलं. ती हलेना. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

गुप्ते उठले. वहाणा काढलेल्याच होत्या. ओल्या जमिनीवर उभे राहिले, डोळे मिटले आणि सगळा पंजा तारांवर ठेवला. स्पीकरमधून नुसता भसाडा आवाज आला. तरी त्यांनी हात उचलला नाही.

"ये," ते म्हणाले. "काही होत नाही."

तिने काय वाजवलं ते मला आठवत नाही. मी फक्त तिची बोटं बघत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कळलं की संपलं. परत निघताना ट्रान्सफॉर्मर मी गुप्त्यांनाच देऊन टाकला. टांग्यात ते एकदम म्हणाले, "पहिल्या दिवसापासून सांगत होती हो ती."

गिऱ्हाईक येतं आणि काय बिघडलंय ते सांगतं. ते मी ऐकून घेतो. पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी विचारतो, कशाची सवय करून घेतलीय? आणि उत्तर देणाऱ्याकडे न बघता, ते यंत्र रोज ज्याच्या हातात असतं त्याच्याकडे बघतो.